बशीतला चहा

प्रिय एस्तेरताई,

बोर्डिंगमध्ये रोज सकाळी तू माझ्या फ्रॉकची मागची बटणं लावायचीस. आता अमोसची मी लावते. माझा मुलगा चाळिशीचा झाला, तरी त्याला ती जमत नाहीत.

सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. चार महिने टाळलं. मी गेले तर त्याचं कोण करील? देवाने उत्तर द्यावं म्हणून दर शुक्रवारी उपवास धरला. गेल्या शुक्रवारी केडगावला प्रार्थनेत चक्कर आली. शेजारच्या मार्थाबाई भाकरी घेऊन समोर बसल्या.

"तू उपाशी राह्यलीस तरच देव जागा ऱ्हातो व्हय गं? खा आधी!"

मला हसू आलं. पोटभर खाल्लं आणि तिथेच सतरंजीवर दुपारभर झोपले. जाग आली तेव्हा उत्तर मिळालेलं नव्हतं, पण भीती गेली होती. घरी येऊन ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

अमोसला सांभाळण्याचं वचन तुझ्याकडून मागायला हे पत्र सुरू केलं होतं. आता मागत नाही, म्हणून पाठवतही नाही. बायबलमध्ये ठेवते.

ज्याला सापडेल त्याने हार्मोनियम चर्चला द्यावी, निळी शाल मार्थाबाईंना. अमोस ज्यांच्या घरी जाईल त्यांना एवढंच सांगावं, की त्याला चहा बशीत ओतून, निववून लागतो.

तुझी धाकटी,
सुवार्ता