बेचक्यांची भिंत

१४ मार्च १९८९, सकाळी
ठरलं. येत्या रविवारपर्यंत भिंत रिकामी.
मीनल परवा येऊन बघून गेली. मेअखेर बाळंतपणाला येणार. म्हणाली, आई, पाळणा इथंच बांधायचा, आणि बाळाच्या डोक्यावर बेचक्या टांगलेल्या नकोत. पोर बरोबर बोलली.
हे जाऊन सव्वा वर्ष झालं. फॅक्टरीतून आल्यावर बुवापाड्यातले बाकीचे लोक पत्ते कुटायचे, हे बेचक्या करायचे. आयुष्यात एक चिमणी पाडली नाही. करायची, एकदा ताणून बघायची, खिळ्याला लावायची. मी म्हणत आले, लोकांच्या भिंतीवर देव असतात. आता देवांना जागा होईल. माझा जीव काही त्यात अडकलेला नाही.

१४ मार्च, दुपारी
गिऱ्हाईकसुद्धा मिळालं. शेजारच्या कौसाबाईंचा भाऊ नाथा, बदलापूरच्या पुढे त्याची जांभळाची झाडं. पोपट फार. कौसाबाई म्हणाल्या, वैनी, एक नको, सगल्याच द्या. पोपटांना शिव्या घालून नाथाचा घसा बसलाय, आता ते उलट त्यालाच शिव्या देतान. रविवारी बोलावलंय.

१९ मार्च, रविवार
नाथाभाऊ आले. चहा झाला. मी स्वतः उठून पहिली बेचकी काढली. रबर सैल. आल्या माणसाला सैल वस्तू कशी द्यायची? दुसरी काढली. बेचक्यात बारीक चीर. तिसरीचा डावा पाय बारीक. नाथाभाऊ म्हणाले, ताई, पोपटाला काय कलतंय. म्हटलं, पोपटाला नाही कळलं तरी मला कळतं. कैरीचं लोणचं देऊन पाठवलं.
दिवस वाया गेला नाही. आधी निवड, मग वाटप.

२० मार्च
तांदूळ निवडतात तशा निवडायला बसले. एक ढीग द्यायच्या, एक ठेवायच्या, एक दुरुस्तीच्या. संध्याकाळी सगळ्या दुरुस्तीच्या ढिगात. द्यायच्या ढिगात एक खिळा.
पुन्हा भिंतीला लावल्या. जमिनीवर पायात येतात.

२६ मार्च
आज सापडली! कॅलेंडरच्या मागे होती, म्हणून नजरेतून सुटली. काळसर लाकूड, दोन्ही पाय पट्टीनं मोजावेत असे सारखे, मूठ अशी गुळगुळीत की पाटा-वरवंट्याचा वरवंटाच. बाकीच्या सगळ्या हात बसवण्यासाठी केलेल्या असणार. हात बसला तो हिच्यात. मुठीवरच्या खळग्यात अंगठा ठेवला की कळतं, हा ह्यांचाच अंगठा.
एवढी एक ठेवायला हरकत नाही. डाळींच्या डब्यांमागे वेगळी ठेवली. बाकीच्या सगळ्या जाणार.

२ एप्रिल, रविवार
नाथाभाऊ परत आले. त्यांना बघूनच सुचलं. जुनी वस्तू द्यायचीच कशाला? नवीन करून देऊ. नवीन वस्तूचा मान वेगळा. नाथाभाऊ म्हणाले, चालंल. त्यांना काहीही चालतं, हाच त्यांच्यातला दोष.
कौसाबाई म्हणाल्या, म्हंजे भिंत हाय तशीच रहानार. त्यांना दूरचं दिसत नाही. एकदा हात बसला की मी भराभर करीन, आणि मग जुन्यांचं महत्त्व आपोआप कमी होईल.

४ एप्रिल
लाकूड आणलं. नाल्यापलीकडच्या पेरूला एक सुंदर बेचकं दिसलं, जरा उंच. हे नेहमी म्हणायचे, पेरूचं लाकूड चिवट. चढले. पातळ अडकलं. खाली माणसं जमली. कौसाबाई ओरडल्या, वैनी, डोहाले लेकीचे आन झाडावर तुमी? पेरू पायजे होता तर मागायचा!
बेचकं मात्र मिळालं. एक पाय कल्याणकडे, एक कर्जतकडे. वाळलं की वळणावर येईल.

१६ एप्रिल
वळणावर आलं नाही. तरी कानस मारली, जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, दगड धरायला ह्यांच्या चपलेच्या अंगठ्याचं चामडं घेतलं. नाही, चप्पल वापरात नव्हतीच. दोरा गच्च आवळला. ह्यांचा दोरा असा येतो की गाठ दिसतच नाही. माझी गाठ दिसते. दिसली म्हणजे पक्की आहे याची खात्री राहते.
मागच्या दारी वनस्पती तुपाचा डबा ठेवून नेम धरला. डबा जागेवर. कौसाबाईंचा माठ गेला. माठ चार हात डावीकडे होता, म्हणजे ताकद भरपूर आहे, प्रश्न फक्त दिशेचा. आमचा माठ त्यांना नेऊन दिला. त्या म्हणाल्या, पोपटाऐवजी नाथालाच पाडशाल.

३० एप्रिल, रविवार
नाथाभाऊ गेल्या आठवड्यात माझी बेचकी घेऊन गेले होते. आज परत घेऊन आले. बिचारे खाली बघत बोलले. ताई, वाईट नका वाटून घेऊ. दगड मागं येतो. पोपट पलत नाहीत, फांदीवर लायनीत बसून बघतात, आता पुढं काय होनार.
मला वाईट वाटलेलं नाही. माझी बेचकीही भिंतीला लावली. आता भिंतीवर एक जास्त झाली, हे खरं.

७ मे
झोप नाही. उठून भांडी घासली, स्वच्छ होती तीच. दुपारी बाजारात गेले, काय आणायचं ते आठवेना, कढीपत्ता घेऊन आले. घरात कढीपत्ता होता.
मीनलचा निरोप आला. अठ्ठावीसला येतेय. जावयांनी विचारलंय, भिंत झाली ना? कळवलं, होत आली.

१० मे
ऊन फार. भिंतीवरच्या रबरांना बारीक भेगा पडायला लागल्यात. नाथाभाऊ, मीनल वगैरे नंतर, आधी हे. तसं देता येणारच नाही.
उपाय माझा मीच शोधला. मी शाळेत गेलेली नाही. लग्न झाल्यावर पुडीच्या कागदांवरून वाचायला शिकले, ह्यांनी बोट धरून. पण आता लायब्ररीतली पुस्तकं संपवते. घरगुती युक्त्यांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, चामड्याच्या वस्तूंना उन्हाळ्यात तेलाचा हात द्यावा. चामड्याला चालतं ते रबराला का नाही? दोन्ही ताणायच्याच वस्तू.
एकेक उतरवली, गोडंतेल जिरवलं, मागच्या दोरीवर उन्हात टांगली. रबरं लगेच काळीभोर चमकायला लागली. कौसाबाई म्हणाल्या, बालंतीन यायच्या आधी बेचक्यांनाच न्हाऊमाखू? बोलू देत. डब्यांमागची मात्र तशीच राहू दिली. तिला कशाचीच गरज नाही.
दिवसभर हात तेलकट होते. पुष्कळ दिवसांनी दुपारची झोप लागली.

१३ मे
रबरं फुगली. बोट लावलं की चिकटतात, पावसाळ्यात दमटलेल्या गुळासारखी. एक ताणून बघितली. तुटली, आणि दोऱ्याची गाठसुद्धा सैल होऊन हातात आली.
ती ह्यांनी बांधलेली होती.
सगळ्याच तशा झाल्यात.

१३ मे, संध्याकाळी
वाईट वाटून घेण्यासारखं यात काही नाही. रबर ही टिकाऊ वस्तू नव्हेच. कौसाबाई येऊन बसल्या. माझी भांडी घासून ठेवली. ते त्यांना शोभत नाही.

१४ मे
विचार केला. झालं ते चांगल्यासाठी. खरी होती ती शाबूत आहे. तीच नमुना. तिच्यावर बघून सगळ्यांना नवीन रबर, नवीन गाठी. मीनल यायला अवकाश आहे. त्यानंतर वाटप. मंगळवारी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जाते. तिथून हे ट्यूब आणायचे.

१६ मे, मंगळवार
गेले. ट्यूब-रबरच्या दुकानातले सिंधी शेठ म्हातारे, भले. रबर कसं हवं ते त्यांना कळावं म्हणून पिशवीतून ती काढली. आणि मी बोलायला लागले. म्हटलं, शेठजी, हे हातकाम बघा. माझ्या मिस्टरांचं. असा पाय, अशी मूठ बाजारात मिळायची नाही. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली, तेव्हा मी आणखीच सांगितलं. अंगठ्याचंही सांगितलं.
शेठ म्हणाले, माई, ये तो अपना माल है.
मी म्हटलं, नाही.
त्यांनी आत हात घातला आणि आकड्याला लावलेला जुडगाच काढला. सगळ्या काळसर. सगळ्यांची मूठ गुळगुळीत. अंगठा ठेवून बघितला. सगळ्यांवर बसतो.
मग त्यांना आठवलं. फॅक्टरीवाले साहब ना? चष्मेवाले? ट्यूब छांटने में पूरा घंटा लगाते थे. एक दिन ये ले गए. बोले, सेठ, मेरे से सीधी बनती नहीं, सामने रख के सीखूंगा.
विचारलं, मग जमली का त्यांना?
शेठ म्हणाले, कहां माई. फिर भी ट्यूब लेने आते रहे. हम भी पूछते थे, साब, सीधी हुई? बोलते थे, अगली वाली.
रबर न घेताच निघाले. शेठनी चहा मागवला होता, तोही तसाच राहिला.

१७ मे
आज काही नाही.

१९ मे
भिंतीवरच्या सगळ्या एकदा नीट बघितल्या. एकही सरळ नाही. इतकी वर्षं रोज झाडताना माझ्या कसं लक्षात आलं नाही? शेवटची कुठली तेही सांगता येत नाही, सगळ्या सारख्याच वाकड्या. माझी त्यात लावल्यावर ओळखू येत नाही.
रबरं काढून टाकली. कात्रीला चिकटत होती. हात रॉकेलनं धुवावे लागले.

२१ मे, रविवार
नाथाभाऊंना बोलावून डब्यांमागची दिली. त्यांनी दारातच ताणून बघितली, एक खडा मारला. समोरच्या पत्र्यावर ठणकन वाजला, जिथं मारला तिथंच. म्हणाले, ताई, ही कशी काय देताय? ही तर लई भारी हाय. म्हटलं, न्या. बाजारातली आहे.
कौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, कौसाबाई, बघताय काय, चहा ठेवा.

२८ मे, रविवार
मीनल आली. उंबऱ्यातच उभी राहून भिंतीकडे बघितलं. म्हणाली, आई, मार्चपासून सांगतेय. यांना तर आता रबरंही नाहीत. एकसुद्धा गेली नाही?
म्हटलं, एक गेली.
जावयांनी पाळण्याचा हूक स्वयंपाकघरात ठोकला.