देवमाशाच्या पोटातली चोच

लोहारा, रविवार, १२ जानेवारी

कोकणातली नोकरी घेणार का, ते माझ्या लेकीला, सायलीला उद्या कळवायचंय; माझा होकार तेवढा अडलेला. मरून किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांची पोटं उघडायची आणि ते काय खात होते ते लिहून ठेवायचं, हे तिचं काम; शिकतानाही तिनं तेच केलं. बापाला जेवलात का म्हणून कधी विचारत नाही, हा टोमणा मी सकाळपासून तयार ठेवला होता.

चहाला शेजारचे रहीमचाचा आले. त्यांचं आयुष्य मटणाच्या दुकानात गेलं. सायलीनं एका देवमाशाच्या पोटात सापडलेली काळी, बाकदार चोच बाटलीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"पोपट गिळला व्हय ह्यानं?"

मीही पोपटच म्हणालो असतो. समुद्र कुणी पाहिलाय इथं?

"माकूल, चाचा. दहा हातांचा मऊ जीव. देवमासा दम धरून लई खोल, काळोखात जातो आणि त्याला धरतो. बाकी सगळं पचतं, चोच उरते. तिच्या मापावरून जीव केवढा ते कळतं."

"मग ह्यो केवढा?"

"तुमच्याएवढा."

चाचांनी चोच उजेडाकडं धरली.

"बकऱ्याचं पोट उघडलं की कुठल्या रानात चरलं ते म्या सांगतो. पण हे रान कुणी बघितलंच न्हाय की. जाऊ द्या पोरीला."

टोमणा राहूनच गेला. माणूस गेला नाही तिथली बातमी आमच्या चहाच्या टेबलावर, आणि मी पेपरातल्या सदरात काय लिहितो? तहसील कचेरीवरचे विनोद.

जा म्हणालो. चोच तेवढी ठेवून जा.

"नाही बाबा, ती नोंदवलेला नमुना आहे."

अजून परत दिलेली नाही. लिहिता लिहिता तिसऱ्यांदा हातात घेतली.