मागच्या सीटची वाटणी

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि कोणी न सांगता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री आमच्या डॉक्टरांनी काल करून घेतली. त्यांनी आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या गाडीचा मागचा डावा शॉकअप गळतो आहे हेही सांगितले. त्यांनी "पूर्ण शुद्धीवर" असे लिहून दिले आणि गाडी तशीच मिस्त्रींकडे नेली.

कलम १. राहते घर माझ्या एकुलत्या एक लेकीला. मागचे दार पावसाळ्यात फुगते. त्याला खांदा लावावा, रंधा लावू नये.

कलम २. बँकेतील शिल्लक निम्मी लेकीला आणि निम्मी माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या प्रयोगशाळेला. तेथे सिस्टरांनी स्प्रिंगेला वजन टांगून आम्हा मुलींना हेलकावे मोजायला लावले होते. मी न मोजता उत्तर दिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी मोज, मग बोल." या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे.

कलम ३. दारामागे छत्र्या ठेवायला वापरतो त्या दोन लाल स्प्रिंगा माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भावोजींना, परत द्याव्यात. त्या त्यांच्याच आहेत. या स्प्रिंगा छत्र्या कशा सांभाळू लागल्या हे मी येथे लिहून ठेवते, कारण भावोजी ही गोष्ट वेगळी सांगतात.

गाडी घरात एकच. सहा दिवस ऑफिस आणि बाजार, आणि रविवारी गावाबाहेरचा ट्रॅक, जेथे कोणीही घड्याळ लावून आपली गाडी पळवू शकतो. हे चालवत, शेजारी भावोजी, मागे डाव्या बाजूला मी. अशी वीस वर्षे गेली. मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पण अंगाला कळतो. खड्डा गेला की गाडी मागून किती वेळा हेलकावते, ते मी मोजत असे. गाडी नवी होती तेव्हा एकदा हेलकावायची. लेक कॉलेजात गेली त्या वर्षी ते चारवर गेले.

मी म्हटले, "मागचे शॉकअप गेलेत."

भावोजी मान न वळवता म्हणाले, "वहिनी, तुमचं वजन वाढलंय."

मिस्त्रींनी गाडी वर घेतली, तर दोन्ही शॉकअपमधले तेल केव्हाच गळून गेलेले. ते बदलायचे सोडून भावोजींनी बाजारातल्या सर्वांत कडक, या लाल स्प्रिंगा आणल्या. सांध्यांतले रबरी बुश काढून कडक प्लास्टिकचे घातले. वजन कमी व्हावे म्हणून मागची सीटही उचकटली.

"मग मी कुठे बसू?"

"घरी बसा ना, वहिनी. आरामात."

हे हसले. त्या हसण्याबद्दल त्यांनी पुढे माफी मागितली आणि मी ती दिली आहे, पण नोंद असावी.

त्या रविवारी ट्रॅकवर गाडी भावोजींनी पळवली आणि मी कुंपणापाशी उभी राहिले. ट्रॅकच्या दुसऱ्या वळणावर जमीन थोडी खडबडीत आहे. तेथे मागची चाके चक्क उड्या मारत होती. मी मोजले, दहा फेऱ्यांत नऊ वेळा. हवेतले चाक जमीन कशी धरणार? भावोजींची सर्वांत चांगली वेळ, एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद.

घरी आल्यावर मी माझी यादी वाचली. मूळच्यापेक्षा किंचितच कडक स्प्रिंगा. त्यांना शोभतील असे, खुंटी फिरवून सैल-घट्ट होणारे शॉकअप. बुश नवे, पण रबराचेच. आणि सीट परत जागेवर.

"वहिनी, ही गाडी आहे, दिवाणखाना नाही!"

"मग पैज लाव ना, काका," लेक म्हणाली.

"लाव! सीटसकट माझी वेळ मोडली, तर मागे बसून घरी येईन."

यांनी माझ्याकडे पाहिले. "अगं, तूच सांग मिस्त्रींना. मागे तूच बसतेस."

पुढच्या रविवारी माझे सामान लावलेली गाडी भावोजींनीच चालवली. काका मुद्दाम सावकाश जाईल, अशी लेकीला भीती होती. मला नव्हती. घड्याळ दिसले की भावोजींना मागचेपुढचे काही दिसत नाही. एक मिनिट चोपन्न! दार उघडून ते ओरडले, "अरे, काय चिकटून चालते!" मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले.

मिस्त्रींनी मागचे दार अदबीने उघडून धरले. "या, साहेब."

त्याच क्षणी भावोजींची पाठ दुखू लागली. ते मित्राच्या गाडीत, पुढे बसून, घरी गेले. याला सोळा वर्षे झाली.

कलम ४. गाडी, कागदपत्रांसह, लेकीला. भावोजी मिस्त्रींना सांगून आले आहेत की वहिनींनंतर गाडी घराण्यात राहील आणि तिच्यात "जरा जीव घालू". म्हणजे पुन्हा कडक स्प्रिंगा, आणि पुन्हा सीट बाहेर. लेक लग्न करून घराण्याबाहेर गेली असे त्यांचे मत आहे. ती दर रविवारी तिच्या सासरहून येऊन याच गाडीखाली शिरते, हे मी पाहते. तेव्हा गाडी तिची, आणि गाडीच्या मागच्या भागात काय बदलायचे तेही तीच ठरवील.

मागच्या शॉकअपच्या खुंट्या पूर्ण सैल करून मग घट्ट कराव्यात; फिरवताना एकदा टिक् वाजले की एक टिचकी. रस्त्यावर चार टिचक्या, ट्रॅकवर अकरा, आणि परतताना न विसरता पुन्हा चार. यांना शेवटचे इस्पितळात नेले त्या सकाळी मिस्त्रींनी दोनवर आणल्या होत्या. लेक चालवत होती. यांचे डोके माझ्या मांडीवर होते. ते म्हणाले, "रस्ता नवा केलाय का गं?" रस्ता जुनाच होता.

कलम ५. पान्यांची पेटी मिस्त्रींना द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला सही करू नये. मिस्त्री म्हणाले, "मग मला काही नको, ताई. सही करू द्या." म्हणून पेटी आजच त्यांच्या हाती दिली आहे. ती या मृत्युपत्रात धरू नये.

कलम ६. वर गाडी पूर्णपणे लेकीची म्हटले आहे, त्याला एकच अपवाद. मागच्या सीटवर, डावीकडे, माझ्या जागी बसण्याचा तहहयात हक्क मी भावोजींना देते. लाल स्प्रिंगा त्यांच्या मांडीवर ठेवाव्यात. लेकीने त्यांना ट्रॅकवरून घरापर्यंत आणावे, वाटेतला एकही खड्डा चुकवू नये, आणि दर खड्ड्यानंतर विचारावे, "काका, किती?" त्यांनी मोजून सांगावे. आधी मोजावे, मग बोलावे. एकच निघेल. ते "एक" म्हणाले की पैज फिटली, आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी काहीही उरले नाही असे समजावे. पाठ दुखते ही सबब चालणार नाही. या गाडीत मागे बसून कोणाची पाठ दुखत नाही.

हे सर्व मी पुन्हा वाचले. खाडाखोड नाही.

सही: भावोजींची वहिनी

साक्षीदार १: मिस्त्री
साक्षीदार २: डॉक्टर (मागचा डावा शॉकअप बदलून घेतला. उजवाही गेलाच होता.)

स्थळ: घरचे गॅरेज, गाडीची मागची सीट
दिनांक: १४ मे २०२३, रविवार, ट्रॅकवर निघण्यापूर्वी