छातीपर्यंतचा फोटो

पौष, बाजाराचा वार, सांज

मस्कतला नातवाचा हात मशीनमधी सापडला. "आजी, थोडंच लागलंय, ईमेलनं फोटो धाडतो," म्हणाला. मागल्या बाजारी तळेगावच्या कॅफेत तो फोटो छातीपर्यंतच उघडला, खाली नुसता करडा रंग.

कॅफेवाला म्हणाला, "आजी, फाईल अर्धीच आलीय, परत मागवा."

"बाकीचं तुझ्या मशीननं खाल्लं व्हय रं, मेल्या?" बोलून गेले आन् जीभ चावली.

आज दुसरा फोटो आला. हसतोय गुलाम. पण ह्योबी छातीपर्यंतच.

"परत अर्धाच!"

कॅफेवाल्यानं दोनदा बघितलं. मग हळूच म्हणाला, "न्हाई आजी, ह्यो पूर्ण हाय."

पूर्ण हाय. म्हंजी पोरानंच हात लपवला. उजवा का डावा, तेवढं तरी सांगायचं की रं.