तीन लिटरच्या बरण्या

३ ऑगस्ट, दाउगावपिल्स, लाटव्हिया

पालिकेची एविता आली होती. कानात लाकडी पानांचे डूल. आमच्या अंगणातल्या म्हाताऱ्यांना – बहुतेक सगळे रशियन बोलणारे – पर्यावरण शिकवणार म्हणे! काचेसाठी हिरवा डबा ठेवून गेली. मला लाटव्हियन आणि रशियन दोन्ही येतात, म्हणून प्रचारक मी. फुकटात!

कुणी ऐकेना. मग म्हणाली, ज्या अंगणात सप्टेंबरअखेर सर्वांत जास्त काच जमेल, त्याला नवा बाक. तेव्हा मीसुद्धा कान टवकारले. जुना बाक हिवाळ्यात मोडला, तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरची झिनाइदा आर्खिपोवना खाली उतरलेली नाही. उतरून बसणार कशावर? इतकी वर्षं त्या बाकावर तिच्याशी भांडले. आता भांडायचं तर मान वर करून ओरडावं लागतं. शोभतं का!

९ ऑगस्ट

डबा रिकामा! काल मी स्वतः बरण्या टाकल्या होत्या.

१० ऑगस्ट

चोर सापडला. रोदिओन सावेल्येविच, निवृत्त क्रेनवाला. तारेच्या आकड्याने डब्यातून बरण्या काढत होता. भर दुपारी! मागे रांग!

"लाज नाही वाटत?"

"वेरोनिका काझिमिरोवना, खारवायच्या काकड्या आल्यात! तीन लिटरची धडधाकट बरणी फोडायला पाठवायची? काळीज आहे की नाही तुम्हाला?"

वरून झिनाइदा – "रोदिओन, निळ्या झाकणाची माझ्यासाठी ठेव!"

जिच्यासाठी बाक, तीच!

१७ ऑगस्ट

अंगणात सभा घेतली. माझा आवाज खणखणीत आहे. काच वितळवून पुन्हा नवी काच करतात, हे नीट समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"म्हणजे बरणीची परत बरणीच होते?" रोदिओन.

"हो."

"मग आहे तिनं काय घोडं मारलंय?"

हशा! मूर्ख माणूस.

२३ ऑगस्ट

डब्यात एक बरणी दिसली. रुंद तोंडाची, सुरेख. घरी आणली. तिची गोष्ट वेगळी.

१२ सप्टेंबर

एविता डबा बघून गेली. आत व्हिनेगरची एक बाटली. रडवेली झाली पोर. "तुमचा शेवटचा नंबर आहे, आजी." आजी! तरी चहा पाजला, जाताना खारवलेल्या काकड्यांची बरणी दिली.

"रिकामी झाली की परत आण हं."

तोंडातून निघूनच गेलं!

२९ सप्टेंबर

डबा काठोकाठ! रोदिओन झिनाइदाच्या घरून बरण्या खाली आणत होता. धुतलेल्या, पुसलेल्या, साऱ्याच्या साऱ्या. निळ्या झाकणाचीसुद्धा. आणि एकही हात डब्यात जात नव्हता.

धापा टाकत वर गेले. झिनाइदा बॅग भरत होती. लेक आयर्लंडला घेऊन चाललीय, कायमची.

"आता काकड्या कुणासाठी घालू? तुम्हाला एकदाचा बाक तरी मिळू दे. केवढी ती धावपळ, स्वतःच्या गुडघ्यांसाठी!"

"माझ्या? माझे गुडघे ठणठणीत आहेत! बाक तुमच्यासाठी हवा होता!"

"मी कधी मागितला?"

भांडलो. छान भांडलो.

८ ऑक्टोबर

आमचं अंगण पहिलं आलं. बाक आला. पाठ टेकायची सोय आहे. बसून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला पडदे नाहीत. तरी मान वर केली आणि ओरडले – "रंग भिकार आहे, झिनाइदा!"