निळा बरा

३ सप्टेंबर, सोमवार

आजपासून नोकरी. हॉस्पिटल बाराशे खाटांचं, मेडिकल कॉलेज जोडलेलं. लिफ्ट चार, चालू एक. ऑफिस नर्सिंग डायरेक्टरांचं. पद: तात्पुरता कार्यालयीन सहाय्यक, सहा महिने. ऑर्डरमध्ये 'तात्पुरता' हा शब्द दोनदा आलाय. टायपिंगची चूक असणार.

डायरेक्टर म्हणजे मोठ्या मॅडम. आईच्या नर्सिंग स्कूलमधल्या मैत्रीण. नऊशे नर्सेस त्यांच्या हाताखाली. लहानपणापासून मावशी म्हणतो, म्हणून सवयीनं मावशी म्हणालो. त्या म्हणाल्या, इथे मावशी अशी हाक मारलीस तर चार जणी फरशी पुसायची बादली घेऊन येतील. मॅडम म्हण.

कॉलेज का सोडलं, तेही विचारलं. खरं तेच सांगितलं. सर म्हणाले वर्गाबाहेर जा, मी कॉलेजबाहेर गेलो. अर्धवट काम मला जमत नाही. मॅडम म्हणाल्या, ते दिसतंच आहे, दुसऱ्याच वर्षाला सोडलंस.

आईनं सकाळी दारात बजावलं की मी शब्द टाकलाय, या वेळी डोकं फिरवून घरी आलास तर दार उघडणार नाही. संकल्प: डोकं थंड ठेवणे.

५ सप्टेंबर, बुधवार

माझं काम समजलं. तसं ते मॅडमना समजलेलं नाही, पण मला समजलं: हे ऑफिस मीच चालवायचंय.

बेचाळीस वॉर्ड. प्रत्येक वॉर्डात एक पिवळा पत्र्याचा डबा. नर्सच्या हातून चूक झाली किंवा होता होता राहिली, तर तिनं फॉर्म भरून डब्यात टाकायचा. नाव लिहायची सक्ती नाही. मॅडमचं तत्त्व असं की कुणी केलं ते विचारू नका, का झालं ते विचारा. दर सोमवारी मी डबे उघडायचे, फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे, महिन्याचा आलेख काढायचा.

म्हणजे किल्ल्या माझ्याकडे. बेचाळीस. जुडगा कमरेला लावलाय. चाललो की पूर्ण पॅसेजला कळतं कोण येतंय. याला नेतृत्व म्हणतात.

७ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ९.१०

वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे लागेल.

सात नंबर वॉर्ड. ती औषधांची ट्रॉली ढकलत आली. पांढरा गणवेश, केस घट्ट बांधलेले, ओठांवर पुटपुटत मोजणी. माझ्याकडे बघून म्हणाली, बाजूला व्हा.

दोनच शब्द. पण 'व्हा' म्हणाली! 'हो' नाही म्हणाली.

१० सप्टेंबर, सोमवार

बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, सिस्टर, हे फॉर्म कोणत्या रंगाच्या पेनानं भरायचे? तिनं गोळ्यांवरून नजर न काढता सांगितलं, निळा बरा.

जेवणाच्या सुट्टीत लक्षात आलं. पेन असतं निळं. शर्ट असतो निळा. ती 'निळा' म्हणाली! माझ्या अंगात पांढरा होता. मुली सरळ सांगणार नाहीत, पण सांगतील.

व्याकरणात मी नापास झालो होतो, तो पेपरच चुकीचा तपासला होता.

१२ सप्टेंबर, बुधवार

तीन शर्ट घेतले. तिन्ही निळे.

सात नंबरचा डबा आता रोज उघडायचं ठरवलंय. बरोबर नऊ दहाला, कारण तेव्हा ती ट्रॉली घेऊन वॉर्डाच्या मधोमध असते आणि कुठेही जाऊ शकत नाही. बाकीचे एकेचाळीस डबे सोमवारी, जमलं तर.

आमचे शिपाईकाका म्हणाले, काय साहेब, सात नंबरच्या डब्यात मध लागलाय का? मी म्हटलं, काका, क्वालिटीचं काम आहे, तुम्हाला नाही कळायचं. ते म्हणाले, बरोबर आहे, माझं लग्न झालंय.

१७ सप्टेंबर, सोमवार

डोक्यात जाळ झालाय. सात नंबरच्या डब्यातला फॉर्म जसाच्या तसा उतरवतो:

'सकाळी औषधं काढताना एक व्यक्ती रोज येऊन बोलत राहते. मोजणी मोडते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. व्यक्ती: पुरुष. शर्ट निळा. कमरेला काहीतरी वाजतं.'

अक्षर तिचं. माझ्या नाकावर टिच्चून हा कोण हरामखोर तिला छळतोय?

तशीच धाव घेतली. ट्रॉलीपाशी उभा राहून तिला शब्द दिला की सिस्टर, तुम्ही निर्धास्त राहा, त्या माणसाला मी सोडणार नाही. कसा शोधणार, कुठून सुरुवात करणार, सगळं तपशिलात सांगितलं. वीस मिनिटं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हातातल्या गोळ्या वाटीत ओतल्या आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

१८ सप्टेंबर, मंगळवार

संशयित सापडला. फिजिओथेरपीवाला. दंड फुगवून फिरतो, म्हणून नाव ठेवलंय डंबेल. टी-शर्ट निळा. पट्ट्याला मोबाइलचं पाकीट. ते वाजत नाही, पण वाजू शकतं.

१९ सप्टेंबर, बुधवार

पोट बिघडलं. घरीच. सात नंबरचं आज कसं होणार, या काळजीनं आणखी बिघडलं.

२० सप्टेंबर, गुरुवार

जे व्हायला नको होतं तेच झालं.

खाट नंबर चौदावर एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. आज त्यांच्या तळहातावर शेजारच्या पंधरा नंबरची गोळी पडली. मास्तर म्हणाले, सिस्टर, माझी पांढरी असते, ही गुलाबी. गिळली नाही, म्हणून वाचले. पंधरा नंबरची गोळी मास्तरांच्या पोटात गेली असती तर त्यांचं प्रेशर बसलंच असतं. तिचा चेहरा कागदासारखा झाला. तिनं तिथल्या तिथे फॉर्म भरला आणि सक्ती नसताना खाली स्वतःचं नावही लिहिलं.

छोट्या मॅडम, म्हणजे डेप्युटी, लगेच म्हणाल्या, मेमो द्या. 'का झालं ते विचारा' या तत्त्वावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे, मीटिंग संपेपर्यंत. मेमो लागला की आयसीयूच्या कोर्समधून तिचं नाव कटणार. दोन वर्षं ती त्या यादीत आहे. निर्णय २८ तारखेच्या बैठकीत.

आणि सगळ्यात धक्कादायक गोष्ट म्हणजे हे घडलं तेव्हा मी तिथेच होतो! ट्रॉलीला टेकून तिला कॉलेज सोडल्याचा किस्सा सांगत होतो. पूर्ण वेळ. डंबेल आसपास फिरकलासुद्धा नाही. मला न दिसता काम करून गेला. किती सराईत असेल!

२१ सप्टेंबर, शुक्रवार

डंबेलला लिफ्टपाशी गाठलं. म्हटलं, सात नंबरमध्ये पुन्हा पाय ठेवलास तर बघ. त्यानं विचारलं, सात नंबर कुठल्या मजल्यावर? नाटकी. मी कॉलर धरायला हात उचलला तर त्यानं मनगट पकडून हात गोल फिरवून पाहिला आणि म्हणाला, खांदा आखडलाय तुझा, दिवसभर कॉम्प्युटरवर बसतोस का? दोन व्यायाम दाखवले. दिवसातून तीनदा कर म्हणाला.

दुश्मनाचे व्यायाम मी करणार नाही.

(केले. बरं वाटतंय.)

२४ सप्टेंबर, सोमवार

मोठ्या मॅडमनी आदेश काढलाय. औषधं देताना नर्सनं लाल एप्रन घालायचा, त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत: 'औषधं देत आहे. बोलू नका.'

उत्तम. डंबेलचं तोंड बंद. पाटी तिच्या अंगावर आहे, म्हणजे बोलायचं नाही हा नियम तिला. मी तो मोडायला लावणार नाही. म्हणून एकटाच बोललो. पाऊण तास. ती एक अक्षर बोलली नाही. ओठ घट्ट मिटलेले, मानेवरची शीर ताठ, डोळ्यांत काहीतरी पेटलेलं. चौदा नंबरचे मास्तर चष्म्यातून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनाही जाणवलं असणार.

शब्दांच्या पलीकडे गेलोय आम्ही.

२५ सप्टेंबर, मंगळवार

सात नंबरच्या डब्यातून आत्तापर्यंत अकरा फॉर्म. बाकी हॉस्पिटल मिळून चार. छोट्या मॅडम कुरकुरल्या की बाकीचे डबे कुणी उघडत नाही. मी सांगितलं, तिथे अजून जागृती नाही.

मोठ्या मॅडमना म्हटलं, २८ च्या बैठकीत मूळ कारण मी मांडतो. सिस्टर निर्दोष आहे, दोषी वेगळाच आहे, पुराव्यानिशी दाखवतो. त्या चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, मांड. मी काही सांगणार नाही, तूच शोध. फक्त रोजचा तक्ता कर. एकही दिवस गाळू नकोस, तू रजेवर होतास तोही धर.

केला. रोज तक्रार, वेळ ९.१० ते ९.५५. फक्त १९ तारखेला शून्य. म्हणजे १९ ला डंबेल रजेवर असणार! हजेरी बघितली. हजर होता. शिवाय त्याची ड्यूटीच सुरू होते अकराला.

गूढ वाढत चाललंय. काकांना तक्ता दाखवला. ते पाच मिनिटं खोकत राहिले. चहा नाकात गेला म्हणाले.

२८ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ७.३०

आज तिची सुटका. नवा निळा शर्ट, इस्त्रीचा. स्लाइड बारा, दोन दिवस त्यातच गेले, सात नंबरला जाता आलं नाही. माशाचा सांगाडा काढलाय, प्रत्येक काट्यावर एक कारण, आणि डोक्याच्या जागी प्रश्नचिन्ह. आई म्हणाली, आज एवढा नटून? म्हटलं, आज तुझ्या शब्दाचं सोनं होणार.

२८ सप्टेंबर. संध्याकाळ

थोडक्यात लिहितो.

लांब टेबल, चौदा जण. ती टोकाला, हात मांडीवर. रुग्णांच्या वतीनं व्हीलचेअरवर चौदा नंबरचे मास्तर.

पाचवी स्लाइड मी मोठ्यानं वाचली. पुरुष. शर्ट निळा. कमरेला काहीतरी वाजतं. रोज नऊ दहा. एकोणीस तारखेला गैरहजर. वळून विचारलं, तर मग ही व्यक्ती कोण?

पंखा फिरत होता. मग मास्तर म्हणाले, अरे बाळा, हा प्रश्न आहे की उत्तर? तू नऊ दहाचाच ना? त्या दिवशी तुझा किस्सा अर्धाच राहिला माझ्या गोळीच्या भानगडीत. सर बाहेर जा म्हणाले, पुढे काय झालं?

हात कमरेवर गेला. जुडगा वाजला.

छोट्या मॅडम तरीही म्हणाल्या, ते काहीही असलं तरी गोळी सिस्टरच्या हातून गेली, मेमो द्यायलाच हवा. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. पहिल्यांदाच योग्य जागी. मी ओरडलो की मेमो द्यायचा तर मला द्या, ती मोजत होती आणि मी बोलत होतो, अठरा वेळा तिनं एकपासून सुरू केलं, मी मोजलंय! नंतर कळलं की मोजत होतो तर गप्प का बसलो नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

निर्णय: मेमो नाही. कोर्सला मंजुरी. मूळ कारण: 'सापडले.' नाव लिहायचं नाही, तत्त्वच तसं आहे.

दारात मोठ्या मॅडमना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाल्या, पहिल्याच फॉर्मला. तेव्हाच थांबवलं असतं तर ती गोळी गेली नसती. नंतर निदान एप्रनवर लिहिलेलं तरी वाचशील असं वाटलं. चूक झाली, मीही आज एक फॉर्म भरणार आहे. त्या हसत नव्हत्या.

१ ऑक्टोबर, सोमवार

किल्ल्या काकांकडे. माझं टेबल तळघरात, धुतलेल्या चादरींच्या खोलीशेजारी. स्वतंत्र खोली म्हणजे बढतीच.

राजीनामा लिहायला घेतला. 'माझा अपमान' इथपर्यंत आलो. आईचं दार आठवलं. कागदाची मागची बाजू कोरी होती, त्यावर चादरी मोजल्या.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

ती खाली आली. सोमवारपासून कोर्स, त्यासाठी एप्रन न्यायला. मी भाषण तयार ठेवलं होतं, तीन पानं. मी दारात उभा. ती म्हणाली, बाजूला व्हा.

झालो.

जाताना वळून म्हणाली, त्या दिवशी मीटिंगमध्ये बोललात ते बरं केलंत. तेवढंच बोलायचं होतं तुम्ही सगळ्या महिन्यात.

संकल्प: तिला विसरणे. सोमवारपासून.

३१ ऑक्टोबर, बुधवार

महिन्याचा आलेख. सात नंबर, औषधांच्या वेळी व्यत्यय: सप्टेंबर अकरा. ऑक्टोबर शून्य. मीच टाईप केलं.

मोठ्या मॅडम हा आलेख परिषदेत मांडणार आहेत. म्हणाल्या, नऊशे जणींनी मिळून जे जमवलं नाही ते तू एकट्यानं जमवलंस, नुसता न जाऊन. मथळाही सांगितला: 'एक कारण बाजूला केल्यानंतर.'

पोस्टर ती आणि मॅडम मिळून करतायत, म्हणून तिचा कोर्सवरून फोन आला. तीन आठवड्यांनी आवाज. मी एकही जादा शब्द बोललो नाही. कामापुरतंच विचारलं, सिस्टर, उतरणाऱ्या रेषेला रंग कोणता देऊ?

ती म्हणाली, निळा बरा.

फोन ठेवला. अंगातल्या निळ्या शर्टाकडे बघितलं.

रंग. पुल्लिंगी.