विहीणबाई, आता व्हिसा लागत नाही

प्रिय रोसा विहीणबाई,

आजपासून मेक्सिकोच्या माणसांना कॅनडात यायला व्हिसा लागत नाही. सकाळी नाश्त्याला बसलो असताना निखिलनं फोनवर बातमी वाचली आणि फोन पालथा करून टेबलावर ठेवला. मारियाना बाळाला केळं भरवत होती, ती भरवतच राहिली. मग ती उठून वॉशरूममध्ये गेली आणि बराच वेळ आतला नळ चालू होता.

तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही होतात तेव्हा आपल्या दोघींच्या मध्ये कायम मारियाना दुभाषी. मी दहा वाक्यं बोलायचे आणि ती तुम्हाला दोनच सांगायची. तुम्ही पाच मिनिटं हातवारे करून बोलायचात आणि ती मला म्हणायची, “आई, शी सेज थँक यू.” एवढंच कसं असेल हो? आता तिकडे तुम्हाला मराठी कळत असणार असं मी धरून चालते आणि मनातलं सगळं लिहिते.

आपली पहिली भेट पुएब्लाला, पोरांच्या लग्नात. आम्ही मिसिसागाहून तुमच्या दारात आलो ते नुसता पासपोर्ट दाखवून. विमानतळावरच्या पोरीनं शिक्का मारला, हसली, झालं! त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी भारतातून इथे येताना आम्ही किती खेटे घातले होते, ते मी साफ विसरले होते.

लग्नानंतर मी तुमची ओटी भरली. आमच्यात नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत. पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदेनं मला कोपरानं ढोसलं सुद्धा. मी म्हटलं, माझ्या घरात सून देणारी बाई आहे ती, तिची नाही भरायची तर कुणाची? तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही पदर नाही म्हणून तुमच्या त्या निळ्या झग्याचा घोळ पुढे केलात आणि नारळ, तांदूळ, खण सगळं असं घट्ट धरून बसलात, की फोटोवाला “इकडे बघा” म्हणत राहिला तरी मान वर केली नाहीत. त्या खणाची तुम्ही पुढे बाळासाठी कुंची शिवून पाठवलीत. बाळाची कुंची कशी असते हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? का शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईला टोपडं सांगावं लागत नाही?

मारियानाला दिवस गेले तेव्हा मी सगळ्यांत आधी म्हटलं की पहिलं बाळंतपण आईचं. मुलीनं माहेरी जायचं, आणि ते जमत नसेल तर आईनं यायचं. मारियाना म्हणाली, “आमच्याकडेही तसंच, आई. चाळीस दिवस.” आमचा सव्वा महिना आणि तुमचे चाळीस दिवस! तुमच्याकडेही बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत, पोट बांधतात, गार पाणी देत नाहीत. आमचे डिंकाचे लाडू आणि तुमचं कोंबडीचं सूप, एवढाच काय तो फरक. मला इतका आनंद झाला होता विहीणबाई! इतकी वर्षं या देशात राहून बाळंतशेपा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं न लागणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती.

मग व्हिसाचं सुरू झालं. तुम्ही अर्ज करायचा आणि आम्ही इथून आमंत्रणाचं पत्र द्यायचं. पत्र लिहायला बसले आमचे हे. निवृत्त इंजिनिअर, इंग्रजीचा भारी अभिमान, मोघम लिहिणं तर रक्तातच नाही. ह्यांनी बाळंतपण म्हणजे काय ते ऑफिसरला मुद्देसूद समजावून सांगितलं. विहीणबाई रोज आईला आणि बाळाला तेल लावतील, अंघोळ घालतील, ओव्याची धुरी देतील, खास स्वयंपाक करतील, बाळाला संपूर्ण सांभाळतील, आणि प्रथेप्रमाणे हे किमान तीन महिने चालेल. खाली झोकदार सही. मला वाचून दाखवताना आवाज कसा भरून आला होता! मीही वाहवा केली.

व्हिसा नाकारला.

मारियानाच्या ओळखीच्या एका सल्लागारानं ते पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, “अंकल, धिस इज अ जॉब डिस्क्रिप्शन! यू आर ब्रिंगिंग अ नॅनी ऑन अ व्हिजिटर व्हिसा!” ऑफिसरला तरी काय दोष देणार? वाचणाऱ्याला ती पगाराशिवायची नोकरीच दिसली असणार. हे त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी इंग्रजी लेख मागायला लोक आले, तर “माझं इंग्रजी पुरे झालं” म्हणून त्यांना परत पाठवलं.

तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही मात्र पोट धरून हसलात. मारियानानं हसत हसतच भाषांतर केलं, “सेन्योर कुलकर्ण्यांना सांग, एवढं काम मला माझ्या सासूनंही सांगितलं नव्हतं.” हे फोनच्या मागे उभे होते. ते हसले नाहीत, पण रात्री जेवले.

बाळ झालं. मातेओ. बाळंतपण मी केलं, पण तुमच्या देखरेखीखाली. आठवतं? टबात पाटावर बसून मी पाय पसरायचे, मातेओला पायांवर पालथा घ्यायचे, आणि निखिल फोन साबणाच्या डबीला टेकवून ठेवायचा. पहिल्या दिवशी त्याला तसा पालथा पाहून तुम्ही किंचाळलात. मग रोज ठरलेलं. “कालिएन्ते! कालिएन्ते!” तुम्ही तिकडून ओरडायचात, आणि मी इकडून, “नाही हो गरम, कोमटच आहे, हात घालून बघितलाय मी!” मारियाना पलंगावर पडून ऐकायची. भाषांतर करायला तिला एकदाही उठावं लागलं नाही. धुरी दिली तेव्हा घरातला स्मोक अलार्म कोकलला आणि तुम्हाला वाटलं आमच्या घराला आग लागली.

मी नीट केलं ना सगळं? मारियानाचं पोट तुम्ही पाठवलेल्या पट्ट्यानंच बांधत होते. पण ती रात्री मुसमुसायची ते मला ऐकू यायचं. मी डोक्यावरून हात फिरवायचे. ती माझा हात धरून ठेवायची, पण तो तिला हवा असलेला हात नव्हता. मला त्याचा राग कधी आला नाही. मलाही माझ्या बाळंतपणात इथे कुणी नव्हतं.

थंडी सरल्यावर दुसऱ्यांदा अर्ज करायचं ठरलं. या वेळी त्या सल्लागारानं स्वच्छ सांगितलं, बाळाचं नाव काढू नका. कशासाठी येताय, तर पर्यटन. किती दिवस, तर दोन आठवडे. नायगारा बघणार, टोरोंटो फिरणार, परत जाणार. किती सोपं होतं! आणि तुम्ही फोनवर मान हलवलीत. “माझी लेक ओली बाळंतीण होती तेव्हा मला येता आलं नाही. आता मी धबधबा बघायला येतेय असं लिहू? आणि किती दिवस ते मी कसं ठरवणार? तिला हवी असेन तितके दिवस.”

मी चिडले होते विहीणबाई. मारियानाला म्हटलं, तुझ्या आईला सांग, एक ओळ तर लिहायची आहे! इथे येऊन मग हवं ते करा, तेल लावा, सूप करा, कोण बघायला येतंय? तिनं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं का, मला माहीत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की नातवाच्या घरात मी पहिलं पाऊल खोटं बोलून टाकणार नाही. काय हा हट्ट! एवढं खरं वागून काय मिळालं तुम्हाला? तो अर्ज तसाच राहिला.

आणि उन्हाळ्यात जाहीर झालं की डिसेंबरपासून व्हिसाच काढून टाकणार. घरात नुसता जल्लोष! मातेओचा पहिला वाढदिवसही डिसेंबरातच. तुम्ही म्हणालात, “बघा, मी सांगत होते ना?” हे लगेच गॅरेजमधून खाट काढून बेसमेंटची खोली लावायला लागले. मारियाना रोज रात्री तुम्हाला एकेक सामान सांगायची, हे आण, ते आण.

तेव्हा तुम्हाला कळलेलं होतं. नव्हतं का?

तुम्ही शाल गळ्यापर्यंत ओढून बसायला लागलात. फोन असा धरायचात की फक्त चेहरा दिसावा. चेहराही उतरला होता. मी मारियानाला म्हटलं, आई बारीक दिसते गं. तिनं विचारलं तर तुम्ही म्हणालात, “विमानातली सीट लहान असते, म्हणून आत्तापासून कमी खाते.” आम्ही सगळे हसलो. हसलो आम्ही!

ऑक्टोबरात तुमच्या धाकट्या बहिणीचा, एलेनाचा फोन आला तेव्हा तुम्ही हॉस्पिटलात होतात. दुसरा फोन आला तेव्हा तुम्ही गेला होतात.

मारियानानं कपाटावरची बॅग खाली काढली. निखिल दारात उभा होता. “मारी, तू जा, मी नाही म्हणत नाहीये. पण तुझा व्हिसा एक्स्पायर झालाय. परत यायला तिथून अप्लाय करावं लागेल, किती महिने लागतील कुणालाच माहीत नाही. पर्मनंट रेसिडेन्सीची फाइल इथे पेंडिंग आहे.” “शी इज माय मदर, निखिल.” “आय नो. आणि मातेओ?” मातेओ अजून अंगावर पीत होता, त्याचा पासपोर्टही काढलेला नव्हता. ती त्या उघड्या बॅगेपाशी जमिनीवर बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, “आई, टेल मी टु गो.” मी काय सांगणार होते? हो म्हटलं तर तिचं बाळ तुटतं, नाही म्हटलं तर आई.

ती गेली नाही. तुम्हाला निरोप दिला तो तिनं मामेभावाच्या फोनवर पाहिला. त्याचा हात हलत होता, मधेच चित्र अडकायचं. पुढे नऊ संध्याकाळ तिनं बैठकीच्या खोलीत तुमच्यासाठी जपमाळ ओढली. मी आणि हे तिच्या मागे बसायचो. प्रार्थना येत नव्हती, नुसतं बसायचो.

नवव्या दिवशी एलेनानं सांगितलं. डॉक्टरांनी तुम्हाला जुलैतच सांगून टाकलं होतं. तुम्ही तिला शपथ घातलीत की लेकीला कळू द्यायचं नाही. “सांगितलं तर ती धावत येईल, आणि मग तिला परत आत घेणार नाहीत. मी दाराबाहेर राहिले तेवढं पुरे. माझ्या नातवाची आई दाराबाहेर राहायला नको.”

रोसाबाई, अहो, असं करतं का कुणी? स्वतःसाठी एक खोटी ओळ लिहिली नाहीत, आणि लेकीसाठी तीन महिने रोज खोटं बोललात! मला एकटीला तरी सांगायचं होतंत. भाषा येत नव्हती म्हणता? अंघोळ घालताना आपल्याला कुठे भाषा लागत होती? तुम्ही नुसती शाल बाजूला केली असतीत तर मला कळलं असतं. मी काय केलं असतं ते माहीत नाही, पण मातेओला रोज दोनदा फोनसमोर आणून बसवलं असतं. मारियानाला म्हटलं असतं, आज जास्त वेळ बोल. बोलली असती हो ती. तिला वाटत होतं डिसेंबरात भेटणारच आहोत, म्हणून शेवटच्या दिवशी डाळ लागतेय म्हणून तिनं घाईत फोन ठेवला. ते ती अजून विसरत नाही.

आज दुपारी मारियानानं एलेनासाठी ती नवी परवानगी काढली. व्हिसा नव्हे, कॉम्प्युटरवरचा छोटासा फॉर्म. मी शेजारी बसून बघत होते. नाव, पासपोर्ट, जन्मतारीख. कशासाठी येताय हा प्रश्न मला त्यात कुठे दिसला नाही. चहा उकळेपर्यंत परवानगी आली. हे मागे उभे होते, ते बाहेर गेले आणि ड्राइव्हवेवर बर्फ नव्हता तरी शोव्हल घेऊन उभे राहिले.

एलेना वाढदिवसाला येईल. ती खाली बेसमेंटमध्ये झोपेल, तुमच्यासाठी लावलेल्या खाटेवर. मी तिचं सगळं करीन, पण तिच्या तोंडाकडे बघवेल का, सांगता येत नाही.

एक मात्र तुम्हाला शब्द देते. मार्चमध्ये मातेओचा पासपोर्ट येईल आणि व्हिसाच उठल्यामुळे मारियानालाही आता परत येताना अडण्याची भीती नाही. मी स्वतः दोघांना घेऊन पुएब्लाला येणार आहे. विमानात तुमच्या देशाचा फॉर्म देतात, त्यात कशासाठी आलात ते विचारतात आणि पुढे चौकटी असतात, पर्यटन, व्यवसाय, इतर. मी पर्यटनावर खूण करणार नाही. इतरवर करीन, आणि विचारलं तर ऑफिसरला तोंडावर सांगेन, सुनेला माहेरी घेऊन आलेय. किती दिवस म्हणाले, तर तिला हवे तितके.

तुमची विहीण,
शैलजा